शोकीसान कुणीकडे बघतात

क्योतो, २५ ऑगस्ट

प्रिय सुमिनो,

पत्राची सुरुवात हवामानापासून करायची ही आपल्याकडची रीत, म्हणून आधी ते उरकते. उकाडा हटायचं नाव घेत नाही. देवळातल्या कापराच्या झाडावर किडे दिवसभर करवत चालवल्यासारखे करकरतात आणि संध्याकाळी दारात पाणी शिंपडलं, तर आत येऊन पळी जागेवर ठेवेपर्यंत दगड कोरडे. माझे गुडघे होते तसेच आहेत. आमच्या ह्यांच्या फोटोपुढे सकाळी भाताची वाटी ठेवते तेव्हा तुझीही खबर त्यांना सांगते. परवा तुझ्या लेकाचा, शिगेओचा फोन आला. पुढच्या सोमवारी तुझ्या घोट्याचं ऑपरेशन आहे म्हणाला. तू मला हे स्वतः कळवलं नाहीस, त्याचा राग मी नंतर सवडीने काढीन. पण त्याच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून जेवणाची भांडी तशीच ठेवून लिहायला बसले आहे. शिवाय एका गोष्टीचा निर्णय तुझ्याकडून हवा आहे. तुझ्या छपरावरची ती भुतं पळवणारी मातीची मूर्ती, आपले शोकीसान, सध्या माझ्या घरी मुक्कामाला आहेत आणि पुढच्या शनिवारी त्यांना परत वर चढवायचं आहे. त्यांचं तोंड कुणीकडे करायचं, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार?

ते इथे कसे आले ते सांगते. तू शिगेओकडे गेल्यावर तुझ्या घरात राहायला आलेलं जोडपं दक्षिणेकडचं, क्युशूचं आहे. नवरा दिवसभर कामावर, आणि बायको, काहो तिचं नाव, तुझ्या गोफ विणायच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर चित्रं काढते. पोर हसरी आहे. पायांत चपला अडकवायच्या आधीच ती बोलायला लागलेली असते. त्यांनी पुढचं छोटं छप्पर शाकारायला घेतलं आणि कौलं बसवणारे ओनिशी आले. आपले तेच, थोरल्या ओनिशींचे धाकटे, आता तेही सत्तरीला टेकले. त्यांनी शोकीसानांना खाली उतरवलं आणि ठेवायला जागा नाही म्हणून माझ्या दारातल्या पेटीवर आणून बसवलं. इतकी वर्षं खालून बघितलेली मूर्ती, मला वाटायचं असेल पाच वर्षांच्या मुलाएवढी. प्रत्यक्षात जेमतेम हातभर! दाढी, तलवार, वटारलेले डोळे, सगळं जिथल्या तिथे, फक्त एका भुवईचा टवका उडालेला. काहो म्हणाली, “आजी, किती गोड आहेत हो हे!” आता भुताखेतांना पळवून लावणाऱ्याला गोड म्हणायचं, म्हणजे त्यांना काय वाटलं असेल! ओनिशी मात्र डोकं खाजवत उभे होते. “हामायोसान, हे परत बसवताना सरळ बसवू की होते तसे तिरपे? सरळ बसवले तर नजर थेट तुमच्या दारावर येणार. तिरपे बसवले तर पुढच्या माणसाला वाटेल, ओनिशीला साधी मूर्ती नीट बसवता येत नाही.” काहो म्हणाली, “आजीच ठरवतील, आम्हाला यातलं काही कळत नाही.” मी त्यांना म्हटलं, जिच्या छपरावर ते होते तिला विचारल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.

आणि तोंड उघडण्यात तर मी किती पटाईत, ते तुला ठाऊक आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वॉर्डातर्फे लोकांना गल्ली दाखवायचं माझं काम अजून चालू आहे. नववीनंतर शाळा सोडून मासे वाळवायला बसलेली मुलगी, आणि आता माझ्यामागून कॉलेजात शिकवणारी माणसं वहीत लिहून घेत चालतात. मी तरी काय, देवळातल्या महाराजांना भंडावून, दगडांवरची झिजलेली अक्षरं बोटांनी चाचपून, घरोघर फिरणारा सूचनांचा पुठ्ठा दोनदोनदा वाचून जे जमवलं, तेवढंच सांगते. वळणावरचा वाट दाखवणारा दगड, झाकलेली विहीर, देवळाच्या खांबावरच्या मोठ्या आगीच्या खुणा, लाल लाळेरी बांधलेले, लहान मुलांचे राखणदार आपले जिझोसान. आणि शेवटी, पाय दुखायला लागलेले असतात म्हणून, माझं दार. तिथे उभं राहून तुझ्या छपराकडे हात करायचा आणि सांगायचं: “शोकीसान छपरावर असले की वाईट ते त्यांच्या नजरेला आपटून मागे फिरतं. पण मागे फिरून जाणार कुठे? समोरच्याच्या दारात. म्हणून आमच्याकडची पद्धत अशी, की शोकीसान बसवताना त्यांची नजर समोरच्या दारावर पडू द्यायची नाही, जराशी बाजूला ठेवायची. जराशी हं! आमचे शोकीसान मात्र बघा, मान फिरवूनच बसलेत. का? तर समोर मी राहते, मला घाबरले!” लोक हसायचे. एकदा तू गजांच्या खिडकीमागे होतीस, आठवतं? मला वाटलं, आता ही रागावते. तर तू थंडगार चहाचा ट्रे घेऊन बाहेर आलीस आणि त्या सगळ्यांना म्हणालीस, “खरं आहे त्यांचं. हामायोसानना कोण घाबरत नाही?” त्या दिवशी हशा माझ्यापेक्षा तुलाच जास्त मिळाला. तुझ्या त्या हसण्याकडे मी नीट बघितलं नाही. बघायला हवं होतं.

मी या गल्लीत आले ते शोवा पंचेचाळीसच्या वसंतात, चोपन्न वर्षांपूर्वी. आमचं गाव समुद्रावरचं, घरांच्या पायथ्याला लाटा लागायच्या. तिथे जी आधी उठेल तिने सगळ्या ओळीसमोरची वाट झाडून काढायची. उशिरा उठणारी दुसरीला एखादा मासा देऊन टाकायची, संपला विषय. तर लग्नाच्या तिसऱ्या दिवशी पहाटे मी झाडू घेतला, आमचं दार झाडलं, हात थांबेना, गल्ली तरी केवढी, म्हणून तुमचंही दार या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख करून टाकलं. तुझ्या सासूबाई, तोवासान, बाहेर आल्या. कमरेत वाकलेल्या, पण अंगावर किमोनो असा की सुरकुती शोधून सापडू नये. म्हणाल्या, “काय हात आहे हो नव्या सूनबाईंचा! आमचं दार आम्हालाच ओळखू येईना.” मी खूश! समुद्रावरच्या माणसांना बोललेलंच ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी त्याहून लवकर उठून मी आणखी जोरात झाडलं. त्यावर त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे पहाट फार लवकर होते वाटतं.” मी म्हटलं, “हो ना, सवयच आहे!” आमच्या ह्यांना हे सांगितलं, तर हातातली बादलीची लाकडी पट्टी तशीच टाकून त्यांनी कपाळावर हात मारला. “अगं, त्या तुला शिव्या देताहेत.” इकडे दुसऱ्याचं दार पूर्ण झाडणं म्हणजे गल्लीला ओरडून सांगणं, की या घरातल्या बायका आळशी आहेत. आणि शेजाऱ्याच्या मानेवर न मागितलेलं ओझं टाकणं. मला तेव्हा हे पटलं नाही. झाडलेल्या अंगणाचं कसलं ओझं?

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं तर तू आधीच बाहेर होतीस. तुझंही लग्न होऊन वर्षच झालेलं. माझ्याकडे न बघता तू तुझं दार झाडलंस, गल्लीच्या मधल्या रेघेवर आलीस, रेघेपलीकडे माझ्या बाजूचं एक वीतभर झाडलंस आणि थांबलीस. मग झाडू तिथेच आडवा ठेवलास, रेघेसारखा, आणि मान वर करून माझ्याकडे बघितलंस. वीतभर. त्याहून कमी म्हणजे शेजारी कोण राहतं याची फिकीर नाही, आणि त्याहून जास्त म्हणजे त्याला वाकायला लावलं. या शहरात मी पुढे जे काही शिकले ते सगळं त्या एका वितीत होतं. पण तोवर उशीर झाला होता. तोवासानच्या मनात मी बसले होते ती बसलेच. त्यात आमच्या ह्यांचा घंगाळं-बादल्यांचा धंदा. रंधा मारला की देवदाराच्या पातळ साली वाऱ्याबरोबर थेट तुमच्या उंबऱ्यावर. “आज तुमच्याकडून पत्रं फार आली,” असं म्हणत त्या साली चिमटीत धरून आमच्या दारात आणून ठेवायच्या, एक एक करून.

दोन वर्षांनी तुमचं छप्पर शाकारलं आणि शोकीसान वर चढले. सरळ. थोरल्या ओनिशींनी म्हणे तोवासानना दोनदा विचारलं, थोडं बाजूला करू का, आणि त्या म्हणाल्या, “आमचे शोकीसान कुणीकडे बघतात ते आमचं आम्ही बघू.” हे गल्लीभर झालं. सकाळी मी खिडकी उघडली की ते वटारलेले डोळे माझ्या अंथरुणावर. आमचे हे हसायचे. “मातीचं कौल ते, भाजलंय म्हणून काळं दिसतं.” सासरे म्हणायचे, छपरावरच्या भांडणाला खालून उत्तर द्यायचं नसतं. दोघांचं बरोबर असेल. पण घरात दिवसभर त्या खिडकीसमोर असायचे मी, आणि माझ्या पाठीवर असायची दीड वर्षाची चितोसे.

त्या उन्हाळ्यात चितोसेला डांग्या खोकला झाला. तुला तिचा आवाज गल्लीपलीकडे ऐकू जायचा, मला माहीत आहे. खोकता खोकता ओठ निळे पडायचे आणि मग तो लांब श्वास, जणू कुणी आतून ओढून नेतंय. डॉक्टर रोज यायचे आणि जाताना ह्यांच्याशी हळू आवाजात बोलायचे. मी कुणाला बोलले नाही, पण माझ्या मनाने घेतलं, की गल्लीतलं सगळं वाईट त्या डोळ्यांना आपटून माझ्या लेकरात शिरतंय. मी खिडकीवर चादर लावली. उकाड्याने पोरीचा जीव आणखी घुसमटला, म्हणून काढली. पुन्हा लावली. एकदा चादर काढताना समोर वरच्या खिडकीत तू दिसलीस. आपण एकमेकींकडे बघितलं.

मग ऑगस्टातला जिझोसानांचा सण आला. त्या वर्षी सगळ्यांनी ठरवलं की मोठी माळ चितोसेसाठी फिरवायची. मुलं-माणसं गोलाकार बसली, ती दोराएवढी जाड माळ सगळ्यांच्या मांडीवरून, सगळ्यांच्या हातांतून फिरायला लागली, महाराज घंटा वाजवत होते. मोठा मणी आला की प्रत्येक जण तो कपाळाला लावायचा आणि चितोसेचं नाव घ्यायचा. तोवासाननेसुद्धा घेतलं, मी कानांनी ऐकलं. चौदा घरांतली सगळी बसली होती, आणि माझ्या समोरची एक उशी रिकामी होती. तुझी. तोवासान पुटपुटल्या, “कोठीतून कंदील आणते म्हणून गेली ती गेलीच. सुनेला जिने मोजत बसायची हौस.” माळ तुझ्या रिकाम्या उशीवरून पुढे सरकायची, शेजारची माणसं हात लांब करून ती ओढून घ्यायची. प्रत्येक फेरीला माझी नजर तिथे जायची.

आता जे लिहिते आहे ते तोंडाने कधी बोलता आलं नसतं. आम्ही परत आलो तर तू तुमच्या उंबऱ्यावर बसलेली होतीस, पांढरीफटक, पाय पुढे धरून. कोठीच्या जिन्यावरून पडले म्हणालीस. तोवासान ओरडल्या, “आजच्या दिवशीसुद्धा हिला धड चार पायऱ्या उतरता येत नाहीत!” लोकांनी तुला धरून आत नेलं. आणि मी, सुमिनो, पोरीला पाठीवर घेऊन तिथे उभी होते, आणि माझ्या मनात आलं, बरं झालं. माझ्या लेकरासाठी माळेला हात लावायला आली नाही, तिला जिझोसानांनी दाखवलं. इतकं मी मनात म्हटलं. तुझ्याकडे पाठ फिरवून घरात गेले. वर जाऊन खिडकी उघडली, आणि समोर शोकीसानांनी मान फिरवली होती.

सरळ माझ्याकडे बघणारे डोळे आता देवळाच्या झाडाकडे बघत होते. मी गुडघ्यांवर बसले. मला वाटलं, माळ फिरली म्हणून ते फिरले. चौदा घरांच्या हातांनी त्यांना फिरवलं. त्यानंतर चितोसे बरी झाली, एका दिवसात नव्हे, पण सप्टेंबर संपेपर्यंत झाली. आज त्रेपन्न वर्षांची बाई, ओसाकात पोहायला शिकवते, आणि तिने तलावाच्या या टोकाहून हाक मारली तर त्या टोकाची मुलं पाण्याखालून वर येतात, एवढी फुप्फुसं. तोवासानना कधी कळलंच नाही. आपल्याच डोक्यावरचं छप्पर आपल्याला दिसत नाही, आणि कमरेत वाकल्यामुळे त्या वर बघतच नसत. त्या बघायच्या खाली, माझ्या साली कुठवर आल्या ते. ते कधी, कशाने फिरले हे मी कुणाला सांगितलं नाही, सांगितलं तर शोकीसान परत फिरतील अशी भीती. बावन्न वर्षं दर चोवीस तारखेला जिझोसानांना नवं लाल लाळेरं शिवून बांधते, ते त्यासाठी.

तुझ्यावरचा राग मात्र मी कुठेतरी घडी करून ठेवून दिला. आपली मैत्री झाली ती नंतर, हळूहळू, हे तूही जाणतेस. चितोसेच्या सातव्या वर्षाच्या समारंभाला तू तिच्या किमोनोच्या पट्ट्यासाठी लाल-पांढरा गोफ विणून दिलास. तोवासान गेल्या तेव्हा मी तुझ्याकडे तीन दिवस भात रांधला. हे गेले तेव्हा तू त्यांच्या रंध्याला रोज तेल लावायला यायचीस, गंजू नये म्हणून, आणि आपण दोघी चहा घेत बसायचो. लंगडत लंगडत गल्ली ओलांडून यायचीस. पावसाळी हवेत पाय जास्त ओढायचीस. मी म्हणायचे, “तो जिना तेव्हाच पाडून टाकायला हवा होता.” तू म्हणायचीस, “बिचाऱ्या जिन्याचा काय दोष?” आणि इतक्या सगळ्यानंतरही, खरं सांगते, दर वर्षी माळ फिरताना तू माझ्या शेजारी बसलेली असलीस, तरी मला ती जुनी रिकामी उशी दिसायची.

गेल्या आठवड्यात ओनिशी शोकीसानांना घेऊन दारात आले तेव्हा म्हणाले, “हामायोसान, एक गंमत दाखवतो.” आमच्या बाबांनी ही मूर्ती मागून एका तारेने बांधली होती म्हणाले, ती ही, साधी पिळलेली. पण तिच्याशिवाय कमरेला ही दुसरी आहे. तांब्याची तार, काळीहिरवी पडलेली, मूर्तीला एका बाजूला ओढून खिळ्याला बांधलेली. “चाळीस वर्षं छपरांवर चढतोय. तार पिळतात, वळवतात. ही गुंफलीय. चार पदर. हे कौलं शाकारणाऱ्याचं काम नव्हे, कुण्या बाईच्या हातचं आहे.” मी चष्मा लावला. चार पदर, गोल, आणि शेवटाला एक पदर उलटा फिरवून आत खोचलेला. मी उठले, चितोसेचा तो गोफ पेटीतून काढला आणि शेजारी धरला. ओनिशी म्हणाले, “बघा, एकच हात!” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही काम आठवल्यासारखे बाहेर निघून गेले. ती तार तोडायला पक्कड आणली होती त्यांनी. पक्कड माझ्याकडेच आहे, मी दिली नाही.

तरी मी मनाची समजूत घालत होते, की नंतर कधीतरी बांधली असशील, तोवासान गेल्यावर, निवांत. मग शिगेओचा फोन आला. सहज म्हणून सांगत होता, “मावशी, डॉक्टरांनी जुनी हाडं बघून आईला विचारलं, तुम्ही पडलात तो जिना होता तरी किती उंच? आई म्हणाली, जुन्या घरांतले जिने असेच असतात. डॉक्टर म्हणाले, हा तर छपरावरून पडल्यासारखा पाय दिसतोय. आई खिडकीबाहेर बघायला लागली.” मी फोन ठेवला आणि तुझ्या घरासमोर जाऊन उभी राहिले. वरची खिडकी, खाली ते छोटं निसरडं छप्पर, त्याच्या खाली उंबरा. कोठी तर घराच्या पार मागे आहे, सुमिनो. तिथे पडलेली बाई मोडक्या पायाने पुढच्या उंबऱ्यावर कशाला येऊन बसेल? हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. गल्लीतली एकूण एक माणसं जिझोसानांपुढे बसली होती. वर्षातून तेवढा एकच तास असा, की गल्लीत कुणी नाही. चौदा घरांनी माळ फिरवली, आणि उरलेल्या एकीने शोकीसान फिरवले.

शोकीसान कुणीकडे बघणार, हे विचारायला फोन पुरला असता. ते मी ठरवलंसुद्धा आहे: तू हो म्हण, ते देवळाच्या झाडाकडेच बघतील, तुझ्याच तारेने बांधलेले, ओनिशींना कुणी काही म्हणो. हे पत्र त्यासाठी नाही. बावन्न वर्षं माझे आभार मी भलत्याच दारात ठेवत आले, ते उचलून आता तुझ्या दारात आणून ठेवायचे आहेत. जिझोसान रागावणार नाहीत, लाळेरी त्यांची त्यांना मिळत राहतील. तू का बोलली नाहीस ते विचारणार नाही. मला कळलं आहे. बोलली असतीस तर मी जन्मभर तुझ्यापुढे वाकून चालले असते, म्हणून तू शोकीसानांना वीतभर फिरवलंस आणि पाय स्वतःकडे ठेवलास. आणि मी ज्या दिवशी मनात म्हटलं बरं झालं, त्या दिवसासाठी तुझ्या पायाशी डोकं ठेवते. कागदावर ठेवता येत नाही, तर सोमवारी ऑपरेशनच्या खोलीत जाताना समज की ठेवलं आहे. आज पहाटे मी झाडू घेऊन बाहेर पडले. माझं दार झाडलं, रेघेवर आले, वीतभर पलीकडे गेले, आणि थांबले नाही. जाणूनबुजून, पंचाहत्तराव्या वर्षी, तुझं दार या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडून काढलं, उंबऱ्यावरच्या त्या जागेपर्यंत. काहो केस विस्कटलेल्या अवस्थेत बाहेर आली आणि म्हणाली, “अय्या आजी, सगळंच झाडलंत? मस्त! उद्या तुमचं मी झाडते हं.” तिला वीत शिकवायची की तशीच राहू द्यायची, ते तू चालायला लागलीस की ये आणि सांग. तोवर तुझं दार मी झाडते आहे, सगळं.

तुझीच,
समोरची हामायो